भिंतीचा रंग आणि भिंतीचे बळ

मुलांनो, पाहुणे येणार म्हटले की आपण अंगण झाडतो, नवी चादर अंथरतो. सरकारही तसेच करते. मे २०२३ मध्ये मुंबईत जी-२० देशांची बैठक भरली. विषय होता आपत्तीचा धोका कमी करण्याचा. तुर्कस्तानही या गटात आहे. परदेशी पाहुणे येणार म्हणून अशा वेळी रस्ते झाडतात, भिंती रंगवतात. स्वागत जरूर करावे. पण तेवढ्याने तयारी पुरी होत नाही, असे मला वाटते.

त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला तुर्कस्तानात भीषण भूकंप झाला. तेथे ५०,००० हून अधिक माणसे मरण पावली. भारताने बचाव दल आणि लष्करी डॉक्टर पाठवले. मोहिमेचे नाव होते ‘ऑपरेशन दोस्त’. ‘दोस्त’ हा शब्द तुर्की, उर्दू आणि मराठी, तिन्ही भाषांत आहे.

हे दुःख आपल्यालाही परके नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप विट्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. जमीन हलली, पण जीव घेतले ते भिंतींनी.

म्हणून दोस्ताला विचारावे, “तुमच्या कोणत्या इमारती पडल्या, कोणत्या टिकल्या?” त्याने तेच आपल्याला विचारले, तर आपलेही उत्तर तयार हवे. तुम्ही आज घरी जा, भिंतीचे तडे शोधा आणि अब्बांना दाखवा. रंग पाहुण्यांसाठी असतो. भिंतीचे बळ आपल्यासाठी असते.