गावच्या शाळेला लॅपटॉप नेताय? आधी पारखून घ्या



डिसेंबर जवळ आला की भारतात जाणाऱ्यांच्या बॅगा भरू लागतात आणि कोणीतरी हमखास विचारते, "घरात जुना लॅपटॉप पडून आहे, एखाद्या शाळेला देता येईल का?" हेतू चांगलाच असतो. पण माझे स्पष्ट मत असे की जो आपल्याकडे तीन वर्षे कपाटात पडून आहे, तो बहुधा देण्याच्या लायकीचा उरलेला नसतो. त्यापेक्षा थोडे पैसे घालून नीट पारखलेला सेकंडहँड लॅपटॉप घ्यावा आणि तो न्यावा.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपण घेणाऱ्याला शिकवत आलो आहोत. म्हणून ते देणाऱ्याने मोजले पाहिजेत. शाळेचे गुरुजी आभाराचे पत्र पाठवतात, फोटो पाठवतात. यंत्र दोन महिन्यांत बंद पडले हे मात्र संकोचाने कळवत नाहीत. मग ते यंत्र भंगारात जाते. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत असा कचरा हातांनी फोडला जातो, तारा जाळून तांबे काढले जाते. आपल्या घरातली अडगळ विमानाने तिथवर पोचवायची आणि तिला मदत म्हणायचे, हे मला पटत नाही.

आता पारखायचे कसे ते पाहू. इथल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि ते बाजारात येतात. अनेक सरकारी विद्यापीठांची तर जुने सामान विकणारी स्वतःची दुकाने असतात. थिंकपॅड टी किंवा डेल लॅटिट्यूड यांसारखी कार्यालयीन यंत्रे दिसायला ओबडधोबड, पण दणकट. सुटे भाग सहज मिळतात. झगमगीत नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा मी केव्हाही हीच निवडीन. (सेकंडहँड म्हटले की नाक मुरडणारी मंडळी आपल्यात बरीच आहेत. गाडी मात्र हौसेने जुनी घेतात!)

पहिली गोष्ट प्रोसेसरची पिढी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आय-५ नंतरचा आकडा पाहा: ८२५० म्हणजे आठवी पिढी, चालेल, ७२०० म्हणजे सातवी, अधिकृत यादीत नाही. या एका अटीमुळे चांगली चालणारी असंख्य यंत्रे स्वस्तात विकली जात आहेत. ती टाकाऊ नाहीत, त्यांवर लिनक्स मिंट उत्तम चालते. पण शाळेत ते सांभाळणारे कोणी आहे का, हे आधी फोन करून विचारावे. नसेल तर आठव्या पिढीच्या खाली जाऊ नये.

दुसरी गोष्ट, आणि इथेच लोक सर्वाधिक फसतात, ती म्हणजे कुलूप. यंत्र सुरू होताच बायोसमध्ये शिरून पाहा. पासवर्ड मागितला तर परत ठेवा. विंडोज नव्याने बसवताना एखाद्या कंपनीचे नाव झळकले, किंवा मॅकवर 'रिमोट मॅनेजमेंट' अथवा 'अ‍ॅक्टिव्हेशन लॉक' आले, तर ते यंत्र अजून जुन्या मालकाच्या ताब्यात आहे असे समजावे. चोरीचेही असू शकते. विक्रेता "नंतर काढून देतो" म्हणाला तरी घेऊ नये. दुकानात नुसता डेस्कटॉप दाखवतात, त्यावरून हे कळत नाही.

बॅटरीबाबत विक्रेत्याचे तोंडी आश्वासन निरुपयोगी. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढायची आज्ञा आहे. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. ५० पैकी ४० वॉट-तास उरले असतील तर ठीक. २५ उरले असतील तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यात धरावी. जिथे वीज वारंवार जाते तिथे हा आकडा प्रोसेसरपेक्षा मोलाचा आहे. आणि खालचे झाकण फुगलेले किंवा टचपॅड वर उचललेले दिसले तर तो लॅपटॉप विमानात नेऊच नये.

मेमरी ८ जीबी तरी हवी, आणि ती बोर्डावर कायमची जोडलेली नसेल तर फारच उत्तम. साठवणीला एसएसडीच. तिची तब्येत दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत. मी खिशात लिनक्सचा यूएसबी ठेवतो. त्यावरून यंत्र सुरू केले की कळफलक, वायफाय, कॅमेरा, आवाज सगळे दहा मिनिटांत तपासून होते. पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून पाहावा, डाग लगेच दिसतात.

स्वतःचाच लॅपटॉप देणार असाल तर नुसत्या फाइली डिलीट करून भागत नाही. डिस्क पूर्ण पुसा. आपले कराचे कागद शाळेच्या वर्गात उघडायला नकोत.

भारतात शिरताना १८ वर्षांवरील प्रत्येक प्रवाशाला एक लॅपटॉप जकातीशिवाय नेता येतो. तुमचा स्वतःचा बरोबर असेल तर तो त्यातच धरला जाईल, म्हणून कुटुंबात वाटणी करावी. सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच ठेवावी. चार्जर बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात, तरी त्यावरचा मजकूर वाचावा आणि भारतीय पिनेची वायर तिथेच घ्यावी. निघण्यापूर्वी मराठी कळफलक चालू करून ठेवा. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत तो असतो, पण वर्गात तीस मुले वाट पाहत असताना तो शोधत बसायला गुरुजींना वेळ नसतो.