मोबाइलच्या खोक्यावर एक तारीख हवी

बियाणाची पिशवी विकत घेतांना आपला शेतकरी तिच्यावरील तारीख पाहिल्याशिवाय पैसे मोजीत नाहीं. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली नसेल, तर शहाणा मनुष्य तें औषध घेत नाहीं. मुदत टळलेलें बीं उगवेलच असें नाहीं व मुदत टळलेलें औषध गुण देईलच असें नाहीं, हें आपणांस कोणी शाळेंत शिकविलें नाहीं. नुकसान सोसून आपण तें शिकलों. परंतु बियाणाच्या पिशवीहून कितीतरी महाग अशी जी एक वस्तु आज घरोघरीं येते, तिची मुदत मात्र घेणारा विचारीत नाहीं आणि विकणाराहि सांगत नाहीं. ती वस्तु म्हणजे मोबाइल फोन. तिच्या ह्या मुदतीविषयीं प्रस्तुत लेखांत चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

मधल्या सुटींत वरच्या वर्गांतील मुलांचें बोलणें कानीं पडतें. कोणत्या नव्या फोनाचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, कोणाची बॅटरी किती मिनिटांत भरते, कोणाचा पडदा बोटाखालीं अधिक सफाईनें सरकतो, ही सारी माहिती त्यांना मुखोद्गत असते. यंत्राविषयींचें हें कुतूहल चांगलें आहे व शिक्षकानें तें मारूं नये. परंतु ही सर्व वार्ता फोन बाजारांत येण्याच्या दिवसाची असते. चौथ्या वर्षीं त्या फोनाची काय अवस्था होईल, हें त्या वार्तेंत क्वचित् आढळतें. आणि आपल्या रोहिणखेडासारख्या गांवीं तर फोन चौथ्या वर्षींच खरा कामाला जुंपला जातो. थोरला भाऊ नवा घेतो, जुना वडिलांकडे येतो, वडिलांकडून तो शाळकरी मुलाकडे जातो.

मोबाइलचे दोन भाग कल्पावे. एक त्याचें शरीर, म्हणजे कांच, बॅटरी, चिप इत्यादि. दुसरें त्याचें सॉफ्टवेअर, ज्याच्या आज्ञेवरून तें शरीर काम करितें. ॲपल कंपनीचा आयफोन २००७ सालीं आला. गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन २००८ सालीं आला. आपल्याकडील बहुतेक फोन ह्या दुसऱ्या जातीचे आहेत. शरीराची झीज डोळ्यांना दिसते. सॉफ्टवेअर झिजत नाहीं. पण त्यांतील उणिवा कालांतरानें उघडकीस येतात, आणि चोर त्या वाटेनें आंत शिरतो. २०१५ सालीं अँड्रॉइडमध्यें 'स्टेजफ्राइट' नांवाचा दोष सांपडला. नुसता एक संदेश पाठवून परक्याला फोनांत शिरकाव करितां येईल, असा तो दोष होता. त्याच वर्षाच्या ऑगस्टपासून गूगलनें दरमहा दुरुस्ती प्रसिद्ध करण्याचा परिपाठ ठेविला. पावसाळ्यापूर्वीं घर जसें शाकारावें लागतें, तशीच ही डागडुजी आहे.

मात्र गूगलनें दुरुस्ती केली म्हणजे ती आपल्या फोनांत आली असें होत नाहीं. चिप बनविणाऱ्या कंपनीनें आपला भाग जुळवून द्यावा लागतो. नंतर फोन बनविणाऱ्या कंपनीनें ती दुरुस्ती आपल्या त्या त्या नमुन्यांत बसवून, तपासून पाठवावी लागते. ह्या तिघांपैकीं एकानें हात आखडला कीं सांखळी तुटते. २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून चिपेशीं संबंधित भाग निराळा काढून हें काम बरेंच सोपें करण्यांत आलें. तरी विकून झालेल्या फोनावर पुढें खर्च करावा कीं करूं नये, हें अखेर कंपनीच्या मर्जीवरच राहिलें.

आपल्या गांवची सोळाव्या शतकांतील मशीद आजहि उभी आहे. दगड एकदां बसला कीं तो बसविणारा निघून गेला तरी चालतें. मोबाइलचें तसें नाहीं. ब्लॅकबेरी कंपनीनें आपल्या जुन्या प्रणालीच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजीं थांबविल्या, आणि धडधाकट दिसणाऱ्या त्या फोनांवर साध्या बोलण्याचाहि भरंवसा उरला नाहीं. मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली मागें पडली, तेव्हां २०१९ च्या अखेरीस व्हॉट्सॲपनें तिचा हात सोडला. आपणांस अधिक परिचित असें उदाहरण जिओफोनाचें. २०१७ सालीं १,५०० रुपयांच्या अनामत रकमेवर तो जाहीर झाला व २०१८ सालीं त्यावर व्हॉट्सॲप आलें. पुढें त्याच्या काय-ओएस ह्या प्रणालीवर नव्यानें व्हॉट्सॲप घेणें २०२४ सालीं बंद झालें. फोनाचीं बटणें शाबूत होतीं. आंतील डागडुजी मात्र सरली.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲप गेलें तर बिघडलें काय? उलट मुलें अभ्यास करितील. परंतु मोबाइल ही आतां केवळ करमणुकीची वस्तु राहिलेली नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्र शासनानें 'ई-पीक पाहणी' राज्यभर सुरू केली. पूर्वीं पिकाची नोंद तलाठी करीत असे. आतां शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाइलनें पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें व सातबारासाठीं नोंद पाठवावयाची. आपण कपाशी पेरली होती, सोयाबीन पेरलें होतें कीं तूर, हें त्या नोंदीवरून पाहिलें जातें. हमीभावाची खरेदी, पीकविमा, अतिवृष्टीची मदत ह्यांच्या वेळीं तीच पुढें येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें सिद्ध केलेलें 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा संभव असल्यास सूचना देतें. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआयमुळें दुकानदाराची व मजुराची देवघेवहि ह्याच यंत्रांतून होऊं लागली.

आतां प्रत्येक ॲप प्रणालीची एक किमान आवृत्ति मागतें, आणि ही मर्यादा दर कांहीं वर्षांनीं वर सरकते. फोन तिच्याखालीं राहिला कीं धन्याची अडचण सुरू होते. ई-पीक पाहणींत एका फोनावरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय आहे हें खरें. पण ऐन हंगामांत शेजाऱ्याच्या फोनाची वाट पाहणें, किंवा उसनवार करून नवा घेणें, ह्यांपैकीं कोणतीहि गोष्ट सुखाची नाहीं. २०२० सालीं शाळा बंद झाल्या, तेव्हां अनेक पालकांनीं पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठीं फोन घेतले. त्यांतील बहुतेक स्वस्त फोनांची डागडुजी दोन-तीन वर्षांतच थांबली. हें दुकानांत कोणी सांगितलें असतें, तर तेवढ्याच पैशांत कदाचित् दुसरा फोन त्यांनीं निवडला असता.

ह्यावर आक्षेप येतात, ते ऐकून घेतले पाहिजेत. कंपन्यांच्या बाजूनें असें म्हणतात कीं, अधिक वर्षें डागडुजी करावयाची तर किंमत वाढेल. परंतु गूगलनें २०२३ च्या पिक्सेल ८ ला व सॅमसंगनें २०२४ च्या एस २४ ला सात वर्षांचें वचन दिलें. ते फोन महागांतले आहेत हें कबूल. पण २०२४ सालींच सॅमसंगनें ए १६ ह्या त्यांहून पुष्कळ स्वस्त फोनालाहि सहा वर्षें दिलीं. दुसरे म्हणतात, नवें सॉफ्टवेअर आलें कीं जुना फोन मंद होतो. ही तक्रार निराधार नाहीं. जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग आपण कमी करितों, हें ॲपलनें डिसेंबर २०१७ मध्यें मान्य केलें होतें. तथापि नवी सजावट निराळी व सुरक्षेची दुरुस्ती निराळी. पहिली नको म्हणून दुसरी टाकणें म्हणजे रंग नको म्हणून छप्परहि नको म्हणण्यासारखें आहे. तिसरा आक्षेप हौशी मंडळींचा. २००९ पासून २०१६ पर्यंत सायनोजेनमॉड व तदनंतर लिनिएजओएस ह्या नांवांनीं त्यांनीं कंपन्यांनीं टाकून दिलेले कित्येक फोन आपल्या श्रमानें जगविले. त्यांची करामत वंदनीय आहे. परंतु अशा फोनांवर पैशांच्या व्यवहाराचीं कांहीं ॲपें चालण्यास नकार देतात. शिवाय ज्याला निंदणीच्या दिवसांत श्वास घ्यावयाला फुरसत नाहीं, त्याला हा उपाय सांगण्यांत अर्थ नाहीं.

ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून असा कायदा अंमलांत आहे कीं, सुरक्षेची डागडुजी निदान किती काळ मिळेल, हें कंपनीनें ग्राहकाला जाहीरपणें सांगितलें पाहिजे. युरोपीय संघ आणखी पुढें गेला. २० जून २०२५ पासून लागू झालेल्या त्याच्या नियमांनीं, नमुन्याची विक्री संपल्यावरहि पांच वर्षें डागडुजी विनामूल्य उपलब्ध ठेवण्याचा काळ घालून दिला. आपल्या देशांत २०११ सालच्या नियमांप्रमाणें खोक्यावर कमाल किंमत व निर्मितीचा महिना छापावा लागतो. दुरुस्तीच्या हक्कासाठीं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ च्या डिसेंबरांत एक संकेतस्थळहि सुरू केलें. तेव्हां त्याच खोक्यावर, मराठींतहि वाचतां येईल अशी, आणखी एक ओळ छापणें कठीण कां असावें? 'ह्या फोनाची सुरक्षा-दुरुस्ती अमुक महिना, अमुक साल येथपर्यंत मिळेल,' एवढीच ती ओळ. कंपनीनें सात वर्षें द्यावीं कीं तीन, हें तिनें ठरवावें. पण जें ठरविलें तें लपवूं नये. एवढें झालें म्हणजे मोताळ्याच्या वा मलकापुराच्या दुकानांत उभा असलेला बाप दोन खोकीं हातांत घेऊन स्वतःच तुलना करूं शकेल.

ती ओळ येईपर्यंत, विद्यार्थिमित्रहो, हें काम तुमचें आहे; कारण घरांत फोन घेण्याच्या वेळीं वडील माणसें तुमचाच सल्ला घेतात. सेटिंग्जमध्यें 'फोनविषयी' ह्या सदराखालीं अँड्रॉइडची आवृत्ति व शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची तारीख दिलेली असते. ती आजच पाहा. एक वर्षाहून जुनी असेल, तर त्या फोनावर पैशांचे व्यवहार जपून करण्यास घरच्यांना सांगा. नवा फोन घ्यावयाचा असेल, तर कंपनीनें त्या नमुन्याला किती वर्षांचें वचन दिलें आहे व तीं वर्षें कोणत्या दिवसापासून मोजावयाचीं, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारा. पुष्कळदां हीं वर्षें नमुना बाजारांत आल्यापासून मोजतात. म्हणून दोन वर्षांपूर्वींचा नमुना सवलतींत मिळाला, तरी त्याच्या आयुष्यांतील दोन वर्षें आधींच सरलेलीं असतात. दुकानदाराला उत्तर न आलें तरी प्रश्न विचारणें सोडूं नका. शंभर गिऱ्हाइकांनीं तोच प्रश्न विचारला, म्हणजे तो दुकानदारहि घाऊक व्यापाऱ्याला तोच प्रश्न विचारूं लागेल.