मखरातले बायबल

आमच्या धर्मग्रामातील कुठल्याही घरात पाऊल टाका. समोरच्या भिंतीवर अल्तार असते. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, एका अंगाला वेलंकणी माता, दुसऱ्या अंगाला संत अंथनी, मध्ये रंगीत दिवा, आणि त्यांच्या पायाशी जरीच्या रुमालात गुंडाळलेले बायबल. हे बायबल बहुधा लग्नात आहेर म्हणून आलेले असते. पहिल्या पानावर वधूवरांची नावे आणि तारीख सुवाच्य अक्षरात लिहिलेली असते; पुढची पाने मात्र दमट हवेने एकमेकांना चिकटलेली असतात. सणासुदीला रुमाल धुतला जातो. पुस्तकावरची धूळ झटकली जाते. वर्षातून एकदा बायबलची मिरवणूक निघते, तेव्हा ते डोक्यावर धरले जाते, त्यावर फुले उधळली जातात आणि संध्याकाळी ते पुन्हा रुमालात जाते.

आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते थोडे कडू आहे. आम्ही कॅथलिकांनी बायबलचा अपमान कधी केला नाही. उलट त्याचा सन्मान आम्ही इतका केला की ते वाचण्याची गरजच आम्हांला उरली नाही.

याला इतिहासाची सबब आहे, आणि ती काही अगदीच खोटी नव्हे. ट्रेंटच्या परिषदेनंतर, १५६४ साली, लोकभाषेतले बायबल वाचण्यास लेखी परवानगी लागे. मिस्सा लॅटिनमध्ये होई. आमच्या आज्या त्या वेळी हातातली जपमाळ ओढीत बसत आणि घंटा वाजली की मान लववीत. शास्त्रातले जे काही त्यांच्या वाट्याला आले ते चित्रांतून, पुतळ्यांतून आणि रोझरीच्या रहस्यांतून. त्यांनी त्या तुटपुंज्या शिदोरीवर आयुष्य निभावले, मुले वाढवली, दुष्काळ आणि साथी सोसल्या. त्यांना दोष देण्याची आमची पात्रता नाही.

पण आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांची परंपरा केवळ मौनाची आहे असे मात्र कोणी समजू नये. १६१६ साली गोव्यात, राशोल येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या! जन्माने इंग्रज असलेल्या एका येशूसंघीयाने मराठीत ओवी रचावी हे नवल आहेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट आम्हांला वाटते ती ही की, या ग्रंथामागे लोकांची मागणी होती. जुनी पुराणे हातातून गेली, आता आम्ही वाचावे काय, असा नवख्रिस्ती लोकांचा प्रश्न होता. लोकांनी शास्त्रकथा मागून घेतली. पुढे १६४९ आणि १६५४ साली हा ग्रंथ पुन्हा छापला गेला. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेवरच घाला घातला, तरीही ‘क्रिस्तपुराण’ मेले नाही. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित पोथ्या जपल्या आणि त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली तो पुन्हा मुद्रित केला. ज्यांच्यापाशी छापखाना नव्हता त्यांनी बोरू चालवला. आमच्या हाती छापील बायबल आहे, ते मोबाईलवरही उघडते, आणि आम्ही ‘वेळ कुठे मिळतो?’ असे म्हणतो.

तेव्हा जुन्या बंदीची सबब आता पुरे. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दैवी प्रकटीकरणाविषयीचा संविधानग्रंथ जाहीर केला आणि सर्व भाविकांना शास्त्राचे दार सताड उघडे असावे असे सांगितले. प्रभूच्या शरीराचा आणि प्रभूच्या शब्दाचा सन्मान त्या ग्रंथाने जोडीने मांडला आहे. १९६९ साली नवी वाचनमाला आली. रविवारच्या मिस्सेत तीन वर्षांच्या चक्राने जुना करार, प्रेषितांची पत्रे आणि शुभवर्तमान आमच्यापुढे वाढले जाऊ लागले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला, आणि संत जेरोम यांच्या १६००व्या पुण्यस्मरणदिनी, ३० सप्टेंबर २०२० रोजी, शास्त्रावरील प्रेमाविषयी एक स्वतंत्र पत्रच लिहिले. शास्त्राचे अज्ञान आणि ख्रिस्ताचे अज्ञान यांत जेरोम यांनी भेद केला नाही. आम्ही मात्र तो सुखेनैव करतो. ख्रिस्त आमचा, शास्त्र फादरांचे!

‘बायबल वाचणे हे प्रॉटेस्टंटांचे काम’ असे आजही दबक्या आवाजात बोलले जाते. हे ऐकून हसावे की रडावे? पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आपली अखेरची वर्षे वेचली. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली केडगावच्या मुक्तिसदनातून तो अनुवाद बाहेर पडला. साध्या बायाबापड्यांना कळावे हा त्यांचा ध्यास होता. आम्हांला त्यांचा हेवा वाटावयास हवा होता. पुढे आमच्यातही फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले. २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा आम्ही फटाके वाजवले. जुलै २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा रांगा लावून अंत्यदर्शन घेतले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ आमच्यापैकी किती जणांनी वाचले, हा प्रश्न मात्र त्या रांगेत कोणी कोणाला विचारला नाही. आणि आमची मुले? त्यांना इंग्रजी शाळेत घालून आम्ही मराठी वाचण्याची सवय घालवली. घरात इंग्रजी बायबल काही आणले नाही. त्यांना दोन्ही दारे बंद.

वाचणारा म्हणून जो एक वर्ग आमच्यात आहे, त्याच्याविषयीही बोलले पाहिजे. मुलीचे स्थळ पक्के करावे का, आखातातली नोकरी घ्यावी का, असा पेच पडला की डोळे मिटून बायबल उघडावयाचे, बोट ठेवावयाचे आणि जी ओळ येईल ती देवाची आज्ञा समजावयाची. हे वाचन नव्हे, हा कौल आहे. इ. स. ४००च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी एका पत्रात नेमक्या याच प्रकाराविषयी नापसंती दर्शवली. दुष्टात्म्यांकडे धाव घेण्यापेक्षा हे बरे, असे म्हणून त्यांनी थोडी सूट दिली खरी; पण ऐहिक व्यवहारांसाठी देवशब्दाचा असा वापर त्यांना रुचला नव्हता. यावर कोणी म्हणेल, ऑगस्टीन यांनी स्वतः ३८६ साली मिलानच्या बागेत पुस्तक उघडून पहिली नजर पडली तीच ओळ वाचली ना? वाचली. पण त्या ओळीने त्यांना नोकरीचा सल्ला दिला नाही. चालू आयुष्य सोडून द्या असे बजावले, आणि त्यांनी ते सोडले.

खरी गोम येथे आहे. बायबल कठीण आहे म्हणून आम्ही ते वाचत नाही, हे खोटे. यहेज्केलाचे दृष्टान्त कठीण असतील, प्रकटीकरणातली श्वापदे कठीण असतील; परंतु अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवू नये अशी जी आज्ञा आहे, तिच्यात कठीण ते काय? आमच्या गावात बांध कोरणारा माणूस रविवारी पहिल्या बाकावर बसतो. दोन भावांत गुंठाभर जागेवरून कोर्टात वर्षानुवर्षे तारखा पडतात आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत दोघे चार माणसांचे अंतर ठेवून उभे राहतात. त्यांना त्या आज्ञेवर भाष्यग्रंथ लागत नाहीत.

किंवा राजांच्या पहिल्या पुस्तकातली नाबोथाची गोष्ट घ्या. अहाब राजाने त्याचा द्राक्षमळा फुकट मागितला नव्हता. बदल्यात याहून चांगला मळा, नाही तर रोख पैसे देऊ केले होते. वडिलोपार्जित म्हणून नाबोथ नाही म्हणाला, आणि खोट्या साक्षी उभ्या करून त्याचा जीव घेतला गेला. वसईच्या पट्ट्यात या गोष्टीला टीप लागू नये! फादर दिब्रिटो ‘हरित वसई’साठी रस्त्यावर उतरले तेव्हा आमच्यापैकी कित्येक जण त्यांच्या मागे चालले, त्यांतलेच कित्येक पुढे सातबारा काखोटीला मारून बिल्डरच्या कचेरीत बसलेले आम्ही पाहिले. शाळेची फी, आजारपण, लग्ने हे सारे आम्हांला ठाऊक आहे. प्रत्येक विक्री पाप असते असे आम्ही म्हणत नाही. पण निर्णयाच्या आदल्या रात्री तो अध्याय घरात एकदा मोठ्याने वाचला गेला होता काय?

तिसऱ्या शतकात इजिप्तमधील एक तरुण शेतकरी, आईबाप नुकतेच वारलेले, मिस्सेला गेला. श्रीमंत तरुणाचे शुभवर्तमान चालू होते. ते त्याने ऐकले, बाहेर आला आणि आपली तीनशे अरुरा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दोनशे एकर सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. हाच पुढे मठाधिपती संत अंथनी झाला. संत अथनेशियस यांनी लिहिलेल्या त्याच्या चरित्रात हा प्रसंग आहे. लक्षात घ्या, तो पंडित नव्हता. त्याने एक उतारा ऐकला आणि तो आपल्याचसाठी वाचला गेला असे मानले. आम्ही तोच उतारा दर काही वर्षांनी ऐकतो आणि प्रवचन किती लांबले याची चर्चा करीत घरी येतो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. मिरवणुका राहोत, रुमालही राहो. पण शनिवारी रात्री, रोझरीनंतर, दुसऱ्या दिवशीची तीन वाचने घरात मराठीत वाचली जावीत. वाचणारा घरातला सर्वांत लहान असावा, अडखळला तरी चालेल. मग दहा मिनिटे टीव्ही बंद ठेवून बसावे. यासाठी ना शिबिर लागते ना समिती.

हे आम्ही कोण्या उंच पीठावरून सांगत नाही. मागच्या एका उपवासकाळात आमच्या वाडीतील नऊ-दहा कुटुंबे दर शुक्रवारी एकत्र बसत होती. एका शुक्रवारी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय निघाला. शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते आहे, हे त्यातले चौथे वचन. केळीच्या बागेत आणि फुलांच्या वाफ्यांत राबणाऱ्या जव्हारकडच्या बाया आमच्या सर्वांच्याच घरी होत्या. त्यांचा हिशेब सणानंतर करावयाचा, उचल कापून घ्यावयाची, असे आम्ही सर्वांनीच ठरवले होते. वाचणारी मुलगी त्या वचनापाशी आली. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “बाळा, आज दुसरं काही वाच.” कोणीही हरकत घेतली नाही. आम्हीही घेतली नाही. मग तेविसावे स्तोत्र म्हटले गेले. ते सर्वांना पाठ होते. याकोबाचा पाचवा अध्याय आमच्या वाडीत अजून वाचून व्हावयाचा आहे.