पोच घेतल्याशिवाय उठू नका

खिडकीवर अर्ज दिलात की लगेच मागे फिरू नका. दुसरी प्रत पुढे करा. तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक टाकून घ्या. कारकून कुरकुरेल. कुरकुरू द्या. तुम्ही भांडत नाही आहात, हक्काची पोच मागता आहात.

एवढ्याशा कागदाने काय होते, असे तुम्हाला वाटेल. पुष्कळ होते. एखाद्या खात्यातला घोटाळा पहिल्या पानावर छापून आला, की आपल्याला वाटते, वार्ताहराने मध्यरात्री कुणाला तरी गाठले असणार. सिनेमात तसेच दाखवतात. प्रत्यक्षात अशी बातमी बरेचदा कुणाच्या तरी कापडी पिशवीतून आलेली असते. आणि ती कागदावर उभी असते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना सिमेंटच्या परमिटबद्दल विचारा. एके काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. घराचा स्लॅब टाकायचा तर सरकारदरबारी खेटे घालावे लागत. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी पत्रकार अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिले, की महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी काढलेल्या विश्वस्त निधीला देणग्या देणाऱ्या बिल्डरांना जादा सिमेंट मिळते आहे. देणगी कुणी दिली, ही एक यादी. सिमेंट कुणाला मिळाले, ही दुसरी. दोन्ही शेजारी ठेवल्या की शेंबड्या पोरालाही कळावे. समाजवादी नेते प. बा. सामंत हे प्रकरण घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला, आणि अंतुले पायउतार झाले.

अंतुले यांच्यावरच्या फौजदारी खटल्याचे मात्र इतके भराभर झाले नाही. तो कोणत्या न्यायालयात चालवावा, यावरचा वाद १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढे होता. म्हणून बातमी छापून आली की उद्या न्याय मिळेल, अशी आशा धरू नका. बातमीने दार किलकिले होते. आत तुम्हालाच जायचे असते.

आता तुमच्या घरचे बोलू.

एक फाइल करा. सातबारा, फेरफाराची नोटीस, कर भरल्याच्या पावत्या, पोच असलेले अर्ज, सगळे तारखेप्रमाणे लावा. सोबत शंभर पानी वही ठेवा. कोणत्या दिवशी गेलात, कुणाला भेटलात, काय उत्तर मिळाले, ते त्याच संध्याकाळी लिहा. ‘साहेब मीटिंगला आहेत’ एवढेच उत्तर मिळाले असेल तर तेही लिहा. सहा महिन्यांत ‘साहेब मीटिंगला’ अकरा वेळा आले, तर ते अकरा वेळा लिहिलेले वाचणाऱ्यावर वेगळा परिणाम करते.

उत्तरच मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, असा नियम आहे. म्हणून गाऱ्हाणे लिहू नका, कागद मागा. ‘माझ्यावर अन्याय का झाला’ याला उत्तर येणार नाही. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली, त्या टिपणीची प्रत द्या’ याला द्यावे लागते. तीस दिवस थांबा. नाही आले, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करा. हे दिवस कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. पहिले अपील करायचे राहून जाते.

कुणी पैसे मागितले तर? देऊ नका, हे सांगणे सोपे आहे, मला कळते. दवाखान्याचा दाखला अडला असेल, पोरीच्या प्रवेशाची उद्या शेवटची तारीख असेल, तर माणूस देतो. पण २०१८ पासून कायदा बदलला आहे. लाच देणाराही आता गुन्हेगार ठरू शकतो. नाइलाजाने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार केलेली असावी लागते. त्याहून बरे, देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या नंबरवर फोन करा. ते सापळा लावतात. नोटांना पूड लावतात, आणि नोटा हाताळणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात धुतले की ते पाणी गुलाबी होते.

कोर्टाचे थोडे निराळे आहे. निकाल विरुद्ध गेला म्हणजे न्यायाधीश विकला गेला, असे नाही. निकाल चुकला असेल तर त्याला अपील आहे. आणि मधला कुणी ‘साहेबांना द्यावे लागतील’ म्हणाला, तर आधी त्या मधल्याकडेच नीट बघा. साहेबांना त्याचा पत्ताही नसण्याची शक्यता बरीच असते. तुमच्या खटल्याची पुढची तारीख आणि आजचा आदेश आता मोबाईलवर दिसतो. सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर वकिलांकडून मागून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग ‘आज तारीख होती, पाचशे द्या’ असे कुणी म्हटले, तर खरे काय ते घरबसल्या कळते. कागद हवा असेल तर नक्कल विभागात रीतसर अर्ज करा.

खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाबद्दल खरोखरच गंभीर तक्रार असेल तर ती उच्च न्यायालयाकडे पाठवा. सही करा, प्रतिज्ञापत्र जोडा, पुरावा लावा. निनावी पत्र टोपलीत जाते. आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर ‘जजने पैसे खाल्ले’ असले काही लिहू नका. तो न्यायालयाचा अवमान होऊ शकतो. २००६ च्या दुरुस्तीनंतर सत्य हा बचाव मांडता येतो. पण ते लोकहिताचे आहे आणि तुम्ही प्रामाणिकपणे मांडले आहे, हे न्यायालयाला पटावे लागते. रागात टाइप केलेल्या ओळीचे तसे होत नाही.

एवढे करूनही काही हलले नाही, तर वार्ताहराकडे जा. जाताना काही गोष्टी ध्यानात ठेवा.

मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. नाव छापायचे नसेल तर ते बोलायला बसण्याआधी सांगा, सगळे सांगून झाल्यावर नाही. जे डोळ्यांनी पाहिले ते आणि जे कानावर आले ते, वेगवेगळे सांगा. आणि तुमची पडती बाजूही सांगा. कर थकला असेल, भावाशी वाद असेल, एखादी सही तुमचीच चुकली असेल, तर आधीच सांगून टाका. समोरचा माणूस ती शोधून काढणारच आहे. ती तुमच्या तोंडून कळली तर बातमी टिकते, दुसऱ्याकडून कळली तर बातमीही जाते आणि तुमचा शब्दही.

दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय चांगला वार्ताहर छापत नाही. तो त्या अधिकाऱ्याला फोन करील. याचा राग मानू नका. जो काहीच न विचारता ‘उद्या छापतो’ म्हणतो, त्याच्यापासून दोन हात लांब राहा. छापायला पैसे मागतो, त्याच्यापासून चार हात. गळ्यात ओळखपत्र आणि गाडीवर ‘प्रेस’ लिहिलेला माणूस वार्ताहर असतोच असे नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करून खात्री करा.

शेवटचे जरा जपून सांगतो. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीखाली चिरडले गेले. दुसऱ्या दिवशी ते गेले. गाडी एका जमीन दलालाची होती, आणि त्याच्याबद्दलची त्यांची बातमी नुकतीच छापून आली होती. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१७ चा कायदा आहे. पण गावात कायदा यायला वेळ लागतो, गाडी लगेच येते.

म्हणून एकट्याने अर्ज करू नका. आळीतल्या पाच जणांनी पाच अर्ज टाका. एकाच गावच्या एकाच वार्ताहरावर सगळा भार टाकू नका, तेच कागद जिल्ह्याच्या पेपरलाही द्या. बातमी आली की वार्ताहराला फोन करा, नुसता अंगठा पाठवू नका. आणि फाइलची एक प्रत दुसऱ्या गावच्या बहिणीकडे किंवा मेव्हण्याकडे ठेवा. त्यांना आत काय आहे ते वाचायला सांगा.