दुखावलेल्या भावनांचे शस्त्र

'आमच्या भावना दुखावल्या' हे तीन शब्द उच्चारले की उच्चारणाऱ्यावर काहीही सिद्ध करून दाखविण्याची जबाबदारी उरत नाही, अशी आज या देशाची अवस्था झाली आहे. ग्रंथात नेमके काय लिहिले आहे, व्यंगचित्रात काय दाखविले आहे, वक्त्याने कोणत्या आधारावर विधान केले, याची चौकशी करण्याचे कोणास कारण वाटत नाही. ग्रंथ मागे घेतला जातो, सभा रद्द होते, लेखकाला पोलीस ठाण्यावर बोलाविले जाते. प्रत्येक जात आणि प्रत्येक पंथ आपल्या दुखावलेल्या भावनांची पताका खांद्यावर घेऊन निघाला आहे. आमच्या समाजातील काही तरुणही या मिरवणुकीत सामील होऊ लागले आहेत, म्हणून हा लेखप्रपंच. परक्यांचे दोष दाखविणे सोपे असते. आज आम्हांस आपल्याच माणसांशी बोलावयाचे आहे.

नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या आमच्या बंधुभगिनींनी एक गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. भावना दुखावणे हाच गुन्हा ठरविला, तर या देशातील सर्वांत मोठे गुन्हेगार आपणच ठरू. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा सनातन्यांच्या भावना सुखावल्या होत्या काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिल्याच प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश, राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याचा निर्धार आहे. या प्रतिज्ञा कोणास शिवी देण्यासाठी नाहीत. प्रतिज्ञा घेणारा आपल्या मनाविषयी बोलतो, शेजाऱ्याच्या देवघराविषयी नव्हे. तरीही २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये काय घडले? दिल्लीच्या आंबेडकर भवनातील धम्मदीक्षेच्या समारंभास दिल्ली सरकारचे तत्कालीन मंत्री राजेंद्र पाल गौतम उपस्थित होते. तेथे म्हटलेल्या प्रतिज्ञांची चित्रफीत पसरली, हिंदूंच्या भावना दुखावल्याचा गजर झाला, आणि चार दिवसांत गौतम यांना मंत्रिपद सोडावे लागले. सहासष्ट वर्षे जी प्रतिज्ञा आमच्या घराघरांत म्हटली जात होती, तिच्यावर ही पाळी आली! २०१५ साली शिर्डी येथे तर भ्रमणध्वनीवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून उद्भवलेल्या भांडणात एका दलित तरुणाचा खून पडला. हे शस्त्र अखेर कोणाच्या मानेवर पडते, ते यावरून समजावे.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाचे उदाहरण अधिकच बोधप्रद आहे, कारण ते मंडळ सनातन्यांचे नव्हते, सुधारकांचे होते. १९३६ च्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी बाबासाहेबांना देऊ केले. भाषण वाचल्यावर मात्र मंडळींना धडकी भरली. वेदांविषयीचा मजकूर गाळावा, हिंदू म्हणून हे आपले अखेरचे भाषण आहे असे म्हणू नये, अशी गळ त्यांनी घातली. एक स्वल्पविरामही बदलण्यास बाबासाहेब तयार झाले नाहीत आणि अधिवेशन बारगळले. त्यावर बाबासाहेबांनी मंडळाच्या कचेरीची मोडतोड करविली नाही. स्वखर्चाने त्या भाषणाच्या १५०० प्रती काढल्या, किंमत आठ आणे ठेवली, आणि दोन महिन्यांत त्या संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका लिहिली. (किंमत दोन आणे, फार तर चार आणे हवी होती, असेही त्यांनी सुचविले. पुस्तकातील विचार पटले नाहीत तरी ते स्वस्त मिळावे, ही भावना आम्हांस आवडते.) १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केले? गांधीजींची टीका पुस्तकातच छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर छापले. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्याच वाचकांपुढे ठेवण्याचे धैर्य, ज्याला आपले उत्तर सबळ असल्याची खात्री आहे, त्यालाच होते.

पन्नास वर्षांनी तसाच प्रसंग पुन्हा ओढवला. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या ग्रंथमालेचा चौथा खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले 'रिडल्स इन हिंदुइझम' हे लिखाण त्यात होते. राम व कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून काहूर उठले. शिवसेनेने ते गाळण्याची मागणी केली, अमरावतीत ग्रंथाची होळी झाली आणि शासन डगमगले. तेव्हा १९८८ च्या फेब्रुवारीत आमचा समाज लाखोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरला. कशासाठी? कोणाचे पुस्तक बंद करा म्हणून नव्हे. एक पुस्तक जसेच्या तसे राहू द्या म्हणून! परिशिष्ट राहिले. त्यातील मतांशी शासन सहमत नाही, अशी तळटीप मात्र त्याला जोडण्यात आली. आम्हांस त्या तळटिपीचा राग येत नाही. असहमती अवश्य नोंदवावी आणि मजकूर राहू द्यावा, याहून अधिक आम्ही मागितले तरी काय होते?

आणि मग २०१२ चा मे महिना उजाडला. २००६ पासून चालू असलेल्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांचे १९४९ सालचे एक चित्र होते. संविधान नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब चाबूक घेऊन बसले आहेत आणि मागे नेहरूंनीही चाबूक उगारला आहे, असे ते चित्र. संविधान तयार होण्यास सुमारे तीन वर्षे का लागली, हे पुस्तकातील मजकूर समजावून सांगत होता, हे खरे. परंतु ज्यांच्या आजापणजांच्या पाठीवर खरोखरीचे आसूड ओढले गेले, त्यांना बाबासाहेबांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक ही नुसती गंमत वाटणे शक्य नाही. ज्यांना ती गंमत वाटते, त्यांची पाठ निराळी आहे. म्हणून समाजाला झालेले दुःख खोटे होते, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार योगेंद्र यादव व सुहास पळशीकर यांनी आपली पदे सोडली. इथवर जे झाले ते सनदशीर होते. पण दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयात शिरून मोडतोड करण्यात आली, आणि ती बाबासाहेबांच्या नावाने करण्यात आली. ज्या पुरुषाने आयुष्यभर ग्रंथांना ग्रंथांनी उत्तर दिले, त्याच्या नावाने एका अध्यापकाच्या खोलीतील सामान फोडले गेले. याची आम्हांस लाज वाटली, आजही वाटते.

चित्राला खरे उत्तर मिळाले ते २०१९ साली. उन्नमती स्याम सुंदर या अभ्यासकाने १९३२ ते १९४८ या काळातील वृत्तपत्रांतून बाबासाहेबांवर काढलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून 'नो लाफिंग मॅटर' या ग्रंथात एकत्र छापली आणि प्रत्येक चित्रामागची नजर उघडी केली. देशातील नामवंत चित्रकार बाबासाहेबांना कसे खुजे करून दाखवीत, हे आता कोणालाही पानोपानी पाहता येते. मोडतोडीच्या मार्गाने एक चित्र झाकले गेले. या मार्गाने शंभर चित्रे चव्हाट्यावर आली. ती सगळी जाळून टाकली असती, तर आमच्या हाती पुरावा कोणता राहिला असता?

मग अपमान निमूटपणे गिळावा काय, असे कोणी विचारील. मुळीच नाही. बाबासाहेब अनिर्बंध भाषणस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते नव्हते. कायदेमंत्री असताना १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीचे त्यांनी समर्थन केले. तिने अनुच्छेद १९ मधील निर्बंधांची कारणे वाढविली, पण निर्बंध वाजवी असले पाहिजेत ही अटही घातली. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. लोकांसमक्ष हेतुपुरस्सर पाणउतारा करणाऱ्यास तो शिक्षा देतो, आणि १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला असल्याने दीक्षा घेतली म्हणून त्याचे संरक्षण सुटत नाही. चावडीवर कोणी जातीवरून हिणवले तर फिर्याद द्यावी, साक्षीदारांची नावे द्यावीत, आणि पोलिसांनी टाळाटाळ केली तर वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी जावे. मात्र तो कायदा माणसाच्या प्रतिष्ठेसाठी आहे. आमच्या पुढाऱ्यांवर, आमच्या इतिहासावर किंवा या पाक्षिकावर कोणी टीका केली, तर तेथे त्या कायद्याचे काम नाही.

दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, याविषयी तथागतांचा उपदेश आहे. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत चालला होता आणि त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त स्तुती करीत होता. भिक्खूंत त्याची चर्चा झाली. तथागतांनी सांगितले की, निंदेने तुम्ही संतापलात तर बोलणारा खरे बोलतो की खोटे, हे तुम्हांस ओळखता येणार नाही. जे खोटे असेल ते खोटे का, हे उलगडून दाखवा. स्तुतीनेही हुरळून जाऊ नका, असे त्यांनी पुढे बजाविले. हा दुसरा भाग आम्ही विसरतो. मी बौद्ध आहे म्हणून माझे खरे, असे म्हणणारा मनुष्य, मी ब्राह्मण आहे म्हणून माझे खरे, असे म्हणणाऱ्याच्याच पंक्तीला जाऊन बसतो.

येत्या वर्षावासात आपल्या विहारांतून ग्रंथवाचन होईल. तेथे 'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचावयास घेतले, तर गांधीजींची टीका आणि बाबासाहेबांचे उत्तर ही दोन्ही मुलामुलींकडून मोठ्याने वाचवून घ्यावीत. टीका आधी वाचावी.