खाली कोण आलं?

मागच्या वर्षी मी टीम लीडची जागा सोडली आणि परत डेव्हलपर म्हणून काम सुरू केलं. आईने ही बातमी मावशीला फोनवर सांगितली, तेव्हा तिने आवाज खाली आणला होता. नात्यातल्या कुणाच्या घटस्फोटाबद्दल बोलताना आणते तसा. मावशीचा प्रश्न एकच, "अगं, पण काढलं का तिला?" ऑफिसातले लोक जास्त सभ्य. त्यांनी विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

या सगळ्यांना मला लॅरी रॉबिन्सनची गोष्ट सांगायची असते. आइस हॉकी म्हटलं की लोक ऐकायचे थांबतात, म्हणून इथे लिहितेय.

रॉबिन्सन हा मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा डिफेन्समन. सहा फूट चार इंच उंची, टोपणनाव 'बिग बर्ड'. एनएचएलमध्ये २० सीझन खेळला आणि वीसच्या वीस वेळा त्याची टीम प्लेऑफला पोचली. खेळाडू म्हणून सहा स्टॅनले कप. पण माझा आवडता आकडा वेगळाच आहे. या खेळात प्लस-मायनस नावाचा एक हिशेब असतो. तुम्ही बर्फावर असताना तुमच्या टीमने गोल केला की अधिक एक, समोरच्यांनी केला की उणे एक. (पॉवर प्लेवरचे गोल धरत नाहीत.) गोल तुम्ही मारला का, हे कोणी विचारत नाही. १९७६-७७च्या सीझनमध्ये रॉबिन्सनचा आकडा होता +१२०. आता, त्या वर्षी कॅनेडियन्स ८० पैकी फक्त ८ सामने हरले होते, त्यामुळे त्या टीममध्ये मला उभं केलं असतं तरी मीही प्लसमध्ये गेले असते. पण अख्ख्या कारकिर्दीचा त्याचा हिशेब +७०० च्या वर जातो, आणि तिथवर दुसरं कोणी पोचलेलं नाही.

खेळणं संपल्यावर तो कोच झाला. १९९५ साली न्यू जर्सी डेव्हिल्सने कप जिंकला तेव्हा तो तिथे असिस्टंट होता. मग लॉस एंजेलिस किंग्जचा हेड कोच, चार सीझन, प्लेऑफ एकदाच. मग पुन्हा डेव्हिल्सकडे असिस्टंट. मार्च २००० मध्ये, सीझनचे आठ सामने उरलेले असताना डेव्हिल्सने हेड कोचला काढलं आणि सूत्रं रॉबिन्सनच्या हातात दिली. फिलाडेल्फियाविरुद्ध टीम १-३ अशी मागे पडली तेव्हा या शांत माणसाने ड्रेसिंग रूममध्ये कचऱ्याचा डबा लाथाडला. टीमने पुढचे तिन्ही सामने जिंकले, मग डॅलसला हरवून कपही. शेवटच्या सामन्यात पेत्र सिकोरा जखमी होऊन हॉस्पिटलात गेला होता. रॉबिन्सनने जल्लोषात त्याची जर्सी अंगात घातली.

पुढच्या वर्षी फायनल सातव्या सामन्यात हरले. जानेवारी २००२ मध्ये त्यालाही काढलं. २००५ मध्ये त्याच क्लबने पुन्हा हेड कोच केलं आणि त्याच डिसेंबरमध्ये त्याने स्वतःहून राजीनामा दिला. कारण सांगितलं ताण.

क्रीडा पत्रकारांचं एक लाडकं वाक्य आहे की मोठे खेळाडू वाईट कोच होतात. पुरावा म्हणून ग्रेट्झकी दाखवतात, ज्याला फीनिक्समध्ये चार सीझनमध्ये एकदाही प्लेऑफ मिळाली नाही. उलट बाजूला स्कॉटी बोमन, जो एनएचएलचा एकही सामना खेळला नाही आणि कोच म्हणून नऊ कप घेऊन बसला. रॉबिन्सनला यातल्या कुठल्या खणात ठेवणार? त्याच माणसाने त्याच क्लबमध्ये त्याच खुर्चीवर बसून कप जिंकला आणि साडेपाच वर्षांनी ती खुर्ची सोडली. कुवत कुठे गेली नव्हती.

माझं म्हणणं असं की या दोन वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत आणि आपण त्यांना एका शिडीच्या दोन पायऱ्या समजतो. डिफेन्समन उलटा स्केटिंग करत मागे सरकतो, अंगावर येणाऱ्याकडे तोंड करून. फार जवळ गेलात तर तो बगल देऊन निघून जातो, फार लांब राहिलात तर त्याला शॉट मारायला वेळ मिळतो. ते अंतर राखायला शिकवणं, हे बचावपटूंच्या असिस्टंट कोचचं काम. हेड कोचचं काम म्हणजे आज कोणाला बाहेर बसवायचं ते ठरवणं, ते त्याला तोंडावर सांगणं, प्रत्येक सामन्यानंतर पत्रकारांपुढे उभं राहणं आणि वर जनरल मॅनेजरला उत्तर देणं. पहिलं येतं म्हणून दुसरं द्यायचं, हे बक्षीस कसलं? पुढे रॉबिन्सन डेव्हिल्सकडे आणि नंतर सॅन होजेला असिस्टंट म्हणूनच राहिला. हॉल ऑफ फेममध्ये नाव असलेला माणूस, दुसऱ्याच्या हाताखाली.

तुम्ही म्हणाल, त्याला परवडलं. सहा कप घरात असलेल्या माणसाला कोण अपयशी म्हणणार? मान्य. माझ्याकडे कप नाहीत, गृहकर्ज आहे. पगार कापला नाही हे खरं, पण वरचा बँड बंद झाला. कंपनीच्या स्लाइडवर 'टेक्निकल ट्रॅक'चा बाण मॅनेजरच्या बाणाइतकाच उंच काढलेला असतो. आमच्या मजल्यावर त्या बाणावर चढलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही. चांगला कोड लिहिणाऱ्याला आपण एक्सेल शीट आणि लोकांच्या रजा सांभाळायला बसवतो, कोड बिघडतो, रजाही धड सांभाळल्या जात नाहीत, आणि याला ग्रोथ म्हणतो.

लीड असताना मी सहा महिने रात्री अडीचला जागी होत होते. आता झोप लागते. मागच्या आठवड्यात एका नवीन मुलीबरोबर तीन तास बसून एक असा बग शोधला, जो फक्त दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तरच दिसायचा. सापडल्यावर ती खुर्चीतून उठली आणि मला टाळी दिली. याची नोंद कुठल्याच हिशेबात होत नाही, प्लस-मायनससारखा आकडा आमच्याकडे नाही.

काल अप्रेझलचा फॉर्म आला. 'पुढच्या तीन वर्षांत तुम्हाला कोणती भूमिका हवी आहे?' यादीत चार पर्याय आहेत, चारही माझ्या आत्ताच्या जागेच्या वरचे. मी रकाना रिकामा ठेवून दोनदा बटण दाबलं. फॉर्म पुढे जात नाही; लाल अक्षरांत सांगतो की हा रकाना भरणं बंधनकारक आहे.