करारावर खेळणाऱ्या खेळाडूंच्या हक्कांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, पुणे
मा. आयुक्त, सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, सांगली

विषय : हंगामी करारावर लीगमध्ये खेळणाऱ्या बास्केटबॉल व अन्य सांघिक खेळांतील खेळाडूंना मानधनाची हमी, दुखापतीत उपचार आणि खेळ संपल्यानंतर नोकरी मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही विश्रामबाग परिसरातले आजी-माजी खेळाडू, प्रशिक्षक आणि पालक आहोत. ज्यांची नावे वर्तमानपत्रात ठळक छापून येतात, त्यांच्यासाठी हे पत्र नाही. दर हंगामाला ज्याला नवा संघ शोधावा लागतो, चाचणीसाठी स्वतःच्या पैशाने रेल्वेचे तिकीट काढावे लागते आणि बारा जणांत नाव आले तरी सामन्यात मिनिटे मिळतील की नाही हे ठाऊक नसते, अशा खेळाडूसाठी ते आहे. तिशी जवळ आली की त्याला कोणी बोलावत नाही. तोवर शिक्षण मागे पडलेले असते आणि नोकरीचे वयही सरत आलेले असते.

गावोगाव संघ बदलत खेळणे यात आम्हाला काही कमीपणा वाटत नाही. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये ईश स्मिथ हा खेळाडू 13 संघांकडून खेळला आणि 2023 साली विजेत्या डेन्व्हर संघात होता. दर वेळी त्याच्या हातात लेखी करार होता, पाठीशी खेळाडूंची संघटना होती, आणि तिथे 3 हंगाम पूर्ण करणाऱ्याला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. हा हक्क कोणी आपण होऊन दिला नव्हता. 14 जानेवारी 1964 रोजी बोस्टनला तारांकित खेळाडूंचा सामना होता, दूरचित्रवाणीवर तो दिसणार होता. बिल रसेल, जेरी वेस्ट, ऑस्कर रॉबर्टसन यांच्यासह सगळे खेळाडू निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत कपडे बदलण्याच्या खोलीतच बसून राहिले. एनबीएचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला, मगच सामना सुरू झाला. त्या दिवशी सर्वांत मोठे खेळाडू सर्वांत लहान खेळाडूसाठीही अडून बसले होते, म्हणून हा प्रसंग आम्ही मुद्दाम नमूद करत आहोत.

आपल्याकडचे चित्र पाहा. 2015 साली यूबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स अशा संघांची नावे ऐकून आमच्या मुलांना उमेद आली. 2017 नंतर ती लीग थांबली. पुढे 2022 मध्ये आयएनबीएल ही लीग आली. मधली वर्षे ज्यांच्या ऐन उमेदीची होती, त्यांचे वय काही थांबले नाही. परदेशी जाणे हा मार्ग दोन-चार जणांपुरताच आहे. अमज्योतसिंग टोकियोच्या संघातून 2017 मध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे आणि तिथून विस्कॉन्सिनच्या संघाकडे गेला. हे दोन्ही संघ एनबीएच्या दुय्यम लीगमधले, आणि तिथे तेव्हा हंगामाचा पगार 19 हजार किंवा 26 हजार डॉलर असे. 2015 साली एनबीएच्या निवडीत 52 वा आलेल्या सतनामसिंगला तर मुख्य लीगचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. आपल्या देशात बास्केटबॉलवर घर चालते ते रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांच्या नोकरीमुळे, आणि या नोकऱ्या मोजक्या आहेत.

आमच्या एका सदस्याने एका लीगमध्ये पूर्ण हंगाम खेळून काढला. मानधनाचा शेवटचा हप्ता आला नाही. फोन उचलणे बंद झाले, मग कार्यालयच बंद झाले. करार इंग्रजीत होता, आणि वाद झाल्यास तो दुसऱ्या राज्यातल्या शहरात लवादापुढे न्यायचा, असे त्यात लिहिलेले होते. बुडालेल्या रकमेपेक्षा तिथे जाण्यायेण्याचा आणि वकिलाचा खर्च जास्त होता. घरच्यांनी त्याला नाद सोडायला सांगितले. त्याने पैशाचाही नाद सोडला आणि खेळाचाही.

म्हणून आमची पहिली मागणी मानधनाच्या हमीची आहे, आणि तीवर आमचा सर्वांत जास्त भर आहे. खासगी लीगवर राज्याचे नियंत्रण नाही, असे उत्तर आम्हाला आजवर मिळत आले आहे. ते आम्हाला मान्य नाही. या लीग खेळतात कुठे? पुण्यातील बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल राज्याचे आहे. 2022 मध्ये अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम तिथेच झाला, प्रो कबड्डीचे सामनेही तिथे झाले. सभागृह भाड्याने देताना शासन अनामत रक्कम घेते, खुर्च्या मोडल्या तर भरपाई घेते. मग त्याच करारात आणखी एक अट घालावी : सर्व खेळाडूंचे संपूर्ण हंगामाचे मानधन पहिल्या सामन्यापूर्वी स्वतंत्र बँक खात्यात जमा असल्याचा दाखला दिल्याशिवाय राज्याचे किंवा महापालिकेचे मैदान कोणत्याही लीगला मिळणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरेसा आहे. मागील हंगामाचे पैसे थकवलेल्या आयोजकाला पुढील परवानगी देऊ नये. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ हेच करतो. जिनिव्हातील लवादाचा निकाल न पाळणाऱ्या क्लबला नवे खेळाडू घेण्यास तो मनाई करतो.

अशा अटींमुळे लीग दुसऱ्या राज्यात जातील, अशी भीती घातली जाईल. महाराष्ट्रातला प्रेक्षक आणि बालेवाडीसारखी सोय सोडून जाणे आयोजकाला परवडणारे नाही. आणि ज्याच्याकडे हंगामाआधी खेळाडूंचे पैसे बाजूला काढून ठेवण्याची ऐपत नाही, तो गेलेलाच बरा.

दुसरी मागणी कराराची. राज्याने मराठीत एक नमुना करार तयार करावा आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात त्याची नोंद व्हावी. मानधन, हप्त्यांच्या तारखा, प्रवास, निवास, विमा आणि वाद सोडवण्याचे ठिकाण म्हणून खेळाडूचा जिल्हा, एवढे त्यात असावे. प्रो कबड्डीच्या लिलावात ‘ड’ गटाची मूळ किंमत 2023 पासून 9 लाख रुपये होती, हे गावातल्या पोरालाही माहीत होते. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके दिल्ली, मुंबई आणि बेंगळुरूच्या संघांकडून खेळला तो अशाच जाहीर व्यवस्थेत. बास्केटबॉलच्या खेळाडूलाही किमान आकडा आधी कळला पाहिजे. केंद्राच्या 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. मानधनाचे वाद तिथे नेता येतील असे स्पष्ट करून घेण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा.

दुखापतीबाबत आमचे म्हणणे कळकळीचे आहे. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यायला 9 महिने ते वर्ष लागते. हंगाम असतो त्याहून कितीतरी लहान. म्हणजे खेळाडू घरी झोपून असतानाच त्याचा करार संपतो आणि उपचाराचे बिल वडिलांच्या नावावर येते. हंगामात झालेल्या दुखापतीचा खर्च, करार संपला तरी, पूर्ण बरे होईपर्यंत संघाने उचलावा, ही अट नमुना करारात हवी. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस क्रीडा दुखापतींचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू करावा. फिजिओथेरपी आणि बंदी असलेल्या औषधांबाबत सल्लाही तिथेच मिळावा, कारण मोठ्या संघाबाहेरच्या खेळाडूला ‘ही गोळी घेऊ का’ हे विचारायला डॉक्टर नसतो.

आता नोकरीविषयी. राज्याच्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाची पायाभरणी 2005 च्या शासन निर्णयाने झाली, 2016 मध्ये निकष सुधारले. तिथे पदक आणि क्रमांक मोजला जातो. व्यावसायिक लीगमध्ये घाम गाळून काढलेल्या हंगामांना त्यात किंमत नाही. ठरावीक हंगाम नोंदणीकृत करारावर खेळलेल्या खेळाडूला या आरक्षणात, निदान गट ‘क’ आणि ‘ड’ च्या पदांसाठी आणि क्रीडा मार्गदर्शकांच्या भरतीत गुण मिळावेत. जितकी वर्षे खेळात गेली तितकी वयोमर्यादा शिथिल करावी. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना 1952 चे ऑलिंपिक पदक असूनही अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. पदक असलेल्याची ही कथा, मग पदक नसलेल्याने कोणाकडे बघायचे? पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन देऊन सांभाळले, हा आपल्या भागाचा मोठेपणा आहे. जिल्ह्यातल्या कारखान्यांनी आणि बँकांनी सांघिक खेळांसाठीही तसेच पाऊल उचलावे, यासाठी मा. मंत्री महोदयांनी पुढाकार घ्यावा.

आयकराच्या बाबतीत 2008 पासून खेळाडू व्यावसायिक ठरलेला आहे आणि त्याच्या मानधनातून 10 टक्के कर उगमस्थानी कापला जातो. कर घेताना व्यावसायिक आणि भविष्य निर्वाह निधी देताना पाहुणा, हा न्याय नव्हे. लीगच्या तिकीटविक्री व प्रायोजकत्वाच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा खेळाडू कल्याण निधीत जमा व्हावा आणि त्याच्या विश्वस्तांत निम्मे आजी-माजी खेळाडू असावेत.

महिला खेळाडूंना यातले काहीच वेगळे मागावे लागू नये. राज्याच्या मैदानावर खेळणाऱ्या लीगने पुरुषांइतकेच किमान मानधन महिलांना द्यावे, आणि बाळंतपणामुळे करार रद्द करता येणार नाही असे कलम घालावे.

महापालिकेकडे आमचे मागणे एकच आहे. विश्रामबागला 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद, लाकडी तळ असलेले एक झाकलेले बास्केटबॉल मैदान द्यावे. विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालयांमुळे हा भाग जिल्हाभरच्या तरुणांचा आहे. सिमेंटवर उड्या मारून आमच्या मुलांचे गुडघे अठराव्या वर्षीच दुखू लागतात आणि जुलै-ऑगस्टात सराव बंद पडतो.

या मागण्यांवर मा. मंत्री महोदयांच्या दालनात, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि महापालिका आयुक्त यांच्या उपस्थितीत, 30 दिवसांच्या आत बैठक बोलवावी. मैदान भाड्याच्या अटींबाबतचा शासन निर्णय पुढील लीग हंगामापूर्वी काढावा आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
विश्रामबाग, सांगली येथील खेळाडू, प्रशिक्षक व पालक